नेमावरचा तांडेल आणि माझे आरमार

८ नोव्हेंबर १९०७, धार
मुंबईहून माझे मराठ्यांच्या आरमारावरचे बाड परत. सहा वर्षांचे काम. प्रकाशकांनी ते बंदरखात्यातल्या एका निवृत्त साहेबांना दाखवले होते, त्यांचा शेरा सोबत: 'भाषा जोमदार, कागदपत्रे अस्सल. मात्र लेखकाने समुद्र पाहिलेला दिसत नाही.'
नाहीच पाहिला. वयाची एक्केचाळीस वर्षे धार, देवास, इंदूर, उज्जैन यांत गेली. पाणी म्हणाल तर इथला तलाव आणि क्षिप्रा.
सौ. फराळाचे डबे आवरत होती. तिला शेरा वाचून दाखवला. म्हणाली, "खोटं काय आहे त्यात? तलावातसुद्धा तुम्ही गुडघ्याच्या पुढे जात नाही."
काल भाऊबीज. आज शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासायलाही हात जाईना.

१२ नोव्हेंबर, देवास
सुट्टी आहे म्हणून सासुरवाडी. ति. नानांनी सबंध हयात दरबारच्या दफ्तरात काढली. त्यांचे खापरपणजे किनाऱ्यावर आरमाराचे कारकून होते. त्यांच्या पत्रांची पेटी नानांनी मला दिली, आणि तिच्यावरच माझा सगळा डोलारा. शेरा त्यांना सांगायची लाज वाटत होती.
चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, "पानिपत लिहिणारे काय तिथं भाला घेऊन उभे होते?"
मला जरा बरे वाटले. मग पानाला चुना लावता लावता हळूच, "पण जावईबापू, गलबत वळताना कसं दिसतं ते मलाही ठाऊक नाही."
पौर्णिमेच्या स्नानाला नेमावरला जायचे त्यांच्या मनात आहे. मलाही चला म्हणतात. "तेवढंच मोठं पाणी बघाल."

२० नोव्हेंबर, नेमावर
पाच दिवस बैलगाडी. कंबर मोडली. नर्मदा मात्र अशी की पाहून कंबर विसरलो.
स्नान झाल्यावर सिद्धनाथाच्या घाटावर सावली धरून बसलो. नाना म्हणाले, वाचा तुमची ती लढाई. वाचली. पहाटे तीन गुराबा, म्हणजे लढाऊ गलबते, बंदरातून निघतात, समोरून समुद्रावरचा वारा, शत्रूचे जहाज दिसताच तिन्ही एकदम उजवीकडे वळून त्याच्यावर तुटून पडतात. माझे सर्वांत लाडके प्रकरण.
चार पायऱ्या खाली एक म्हातारा नावेचा दोर वळत बसला होता. तो हसू लागला. लोक त्याला दरियाबाबा म्हणतात. नाववाला रामा म्हणाला, "यो बाबो कोई से नी बोले, माट साब. आज पेली बार हँस्यो."
बाबा वर आला. मराठी, तीही कोकणातली. "मास्तरांनु, घोड्यार बसान झालेली लढाई तुमी पाण्यार लिवलास."
मी कागद खाली ठेवले. म्हणाला, शीड म्हणजे घोडा नव्हे, लगाम ओढला की वळायला. आणि पहाटेचा वारा जमिनीवरून दर्यात जातो. त्याला मतलई म्हणतात. तुम्ही तिन्ही गलबते उलटी उभी केली आहेत.
नाना म्हणाले, "जावईबापू, उठा. त्यांच्या पाया पडा." पडलो.

२१ नोव्हेंबर, नेमावर
हेडमास्तरांना रजेचे पत्र धाडले. कारण 'प्रकृती' लिहिले.
दिवसभर वाळूत. बाबाने ओल्या वाळूचे गलबत केले, बांबूला माझे धोतर बांधून शीड. मी पंच्यावर उभा, बायका हसत पाण्याला जातात. नदीवरचा वारा धोतरात भरला तसा बांबू माझ्या हातात जिवंत झाला. दोन्ही हातांनी धरूनही आवरेना. तोफा, सुकाणू, खलाशी हे सगळे त्या एका कापडाच्या मर्जीवर आहे, हे सहा वर्षांत कळले नव्हते. एका घटकेत कळले.
वारा बघायची त्याची तऱ्हा: बोट वर करीत नाही. कानाची पाळी थुंकीने ओली करतो आणि मान फिरवतो. ज्या बाजूने गार लागेल तिकडून वारा. मीही केले. जमले.

२५ नोव्हेंबर, नेमावर
आज आपण होऊन बोलला. देवगड बंदराचा. स्वतःचे गलबत, तांडेलही तोच. एका वर्षी हंगाम नुकता उघडला होता, इतर तांडेल थांब म्हणत असता याने शीड चढवले. वादळात गलबत गेले. चार खलाशी बुडाले, त्यांत धाकटा भाऊ. हा एकटा लाटेने बाहेर टाकला. चार घरांच्या दारांवरून कसे जायचे म्हणून घरी गेलाच नाही. बायको आधीच वारली होती. दहा वर्षांची मुलगी मागे राहिली. चालत चालत नर्मदेपर्यंत आला, परिक्रमा उचलली, आणि इथे येऊन पाय थांबले. याला अठरा वर्षे झाली.
मला सगळे शिकवायला तयार आहे. अट एकच. "माझा नाव खंय येता नये. बंदराचाही नको."
शब्द दिला. नावही सांगितले त्याने, ते या वहीतसुद्धा लिहीत नाही; बंदर वर लिहून गेले, ते वहीबाहेर जाणार नाही. तांडेल, बस.

१९ जानेवारी १९०८, धार
नऊ प्रकरणे फाडली. पेटीतली पत्रे तीच, पण आता वाचताना वेगळीच. 'वारा न मिळाल्याने दोन रोज खोटी' ही खोळंब्याची ओळ मी पूर्वी कंटाळून गाळीत असे. त्या दोन दिवसांत काय झाले असेल, खलाशी काय बोलले असतील, पाणी किती उरले असेल, सगळे त्या ओळीत आहे.
शाळेत जाण्यापूर्वी दोन तास, आल्यावर दिवेलागणीपर्यंत. लिहून बोटाला घट्टा.

२ मार्च, धार
लढाईचे प्रकरण सौ.ला वाचून दाखवले. निवडत होती ते सूप तसेच मांडीवर. संपल्यावर सूप खाली ठेवले. मग, "त्या पोरांच्या आयांना कळवलं का कुणी?"
पूर्वीच्या मसुद्याला ती 'छान' म्हणाली होती. हे त्याहून फार मोठे.

१७ मे, नेमावर
उन्हाळ्याची सुट्टी. या खेपेस रेल्वेने हरदा, तिथून हंडिया, मग नावेने इकडे. तांडेलला सगळा ग्रंथ वाचून दाखवला, सहा दिवस. मध्येच थांबवी. दोर कोणी सोडला? भरती की ओहोटी? दोन ठिकाणी मी अडलो तर म्हणाला, माहीत नसेल तर तसे लिहा, दर्या रागावत नाही. लिहिले तसे.
शेवटचे पान झाल्यावर उठला, नदीत जाऊन तोंड धुतले, परत आला. "आता बुडाचा नाय."
एवढेच. मुंबईच्या साहेबमजकुरांनी सोन्याचे कडे घातले असते तरी याची सर आली नसती.

३० ऑगस्ट, इंदूर
छापखाना. मालक भला माणूस पण काळ असा. मुखपृष्ठावरच्या 'राष्ट्र' शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "माट साब, आजकल ये लफ्ज जरा गरम है. आत कितीही येऊ द्या, दारावर नको."
मी पुस्तकाला दिलेले नाव होते 'राष्ट्राचे आरमार'. दोन दिवस घुसमटलो. अखेर 'पाण्यावरचा मुलूख' केले. नाना म्हणतात हेच बरे, पहिल्या नावाला मिशा होत्या.
प्रस्तावनेत: 'नर्मदातीरीच्या एका जाणत्याचे ऋण.' त्याहून अधिक काही नाही.

११ जानेवारी १९०९, धार
पुस्तक आले. बांधणी निळी. सौ.ने देवापुढे ठेवले, मग उचलून आपल्या उशाला. म्हणाली देवाचे वाचून झाले.

६ फेब्रुवारी, देवास
थोरल्या पातीकडे सोमवारी वाचन, धाकटीकडे बुधवारी. एकच गाव, दोन दरबार, मध्ये रस्ता, आणि दोन्हीकडे तीच लढाई. थोरल्यांकडे महाराज पुढे सरकून बसले. धाकट्यांकडे एक वृद्ध सरदार, ज्यांचे पूर्वज घोड्यावरून माळव्यात आले, शेवटी म्हणाले, "आमच्याच लोकांनी हे केलं आणि आम्हांला पत्ता नाही." डोळे भरले होते.
दोन शेले. नानांनी दोन्ही खांद्यांवर घेऊन आरशात पाहिले.
परत येताना टांगेवाला मागे वळून, "भिया, तुम वोई माट साब हो नी, जहाजाँ की किताब वाले?" त्याला वाचता येत नाही. कुणाकडून तरी ऐकली. भाडे घेईना.

२२ जून, धार
पुण्याच्या दोन मासिकांत अभिप्राय, दोन्ही उत्तम. नाशिक, बेळगाव, नागपूर इथून पत्रे. पहिली आवृत्ती संपली, दुसरी छापायला घेतली. आणि आज त्याच बंदरखात्याच्या साहेबमजकुरांचे पत्र: 'माझे जुने मत मागे घेतो. आपण समुद्रावर किती वर्षे होता?'
सौ. म्हणाली खरे लिहा. खरे लिहिले: एक दिवसही नाही.

४ ऑक्टोबर, धार
देवगडच्या वकिलांचे पत्र. गावात पुस्तकाची पारायणे चालू आहेत, खलाशीसुद्धा संध्याकाळी ऐकायला बसतात, आपण येऊन व्याख्यान द्यावे.
देवगड. इतक्या बंदरांतून नेमके तेच. पत्र दोन दिवस खिशात. नको म्हणावे असे एक मन. पण त्या माणसांनी पुस्तक खरे म्हटले तरच खरे. जातो म्हणून कळवले.

३ डिसेंबर, आगबोटीवर
मुंबईस समुद्र पाहिला. गोदीच्या गर्दीतून अचानक. वाटले, ओळखीचा आहे. आनंद इतका की शेजारच्या हमालाला सांगितले, पहिल्यांदाच बघतोय. तो म्हणाला, "बघा की मग."
आगबोट सुटल्यापासून मात्र आरमाराचा इतिहासकार कठड्याला धरून ओकतो आहे. बाकी उद्या.

६ डिसेंबर, देवगड
व्याख्यान. देवळासमोरचे पटांगण भरून माणसे, मागे खडकांवरही. पुढे वकील-मास्तर, मागे तांडेल-खलाशी, एका बाजूला बायका. मी मागच्या लोकांकडे बघून बोललो. पाऊण तास इतिहास, मग लढाईचे प्रकरण वाचले. मतलईवर गुराबा बाहेर पडतात ते आले तशी मागून एकाने दुसऱ्याला ढोसले. शीड फिरते त्या ठिकाणी एक म्हातारा बसल्या बसल्या खांदा वळवीत होता. जणू दोर त्याच्याच हातात.
संपल्यावर टाळ्या. त्या पुढच्यांच्या. मग मागून तो म्हातारा आला. माझे हात उलटे करून तळवे पाहिले. "दोर धरल्यालो हात न्हय ह्यो," म्हणाला. "तरी कसा काय इतक्या बरोबर?" आणि लोकांनी मला उचलले. अक्षरशः. बंदरापर्यंत खांद्यावर.
आयुष्यात असा दिवस दुसरा येणे नाही.

७ डिसेंबर, देवगड
सकाळी वकिलांच्या ओटीवर एक बाई आली. अठ्ठावीस-तीसची, कडेवर मूल. बोलणे मोठ्याने. बसली नाही.
"काल तुम्ही वाचलंत, तांडेल कानाची पाळी ओली करून वारा बघतो. ते कुणी सांगितलं?"
म्हणालो, एका जाणत्याने.
"आमच्या बंदरात तसं करणारा एकच माणूस होता. माझा बाप. कुठं आहे तो?"
म्हणालो, बाई, मी शब्द दिला आहे, सांगता येत नाही.
तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतले. मग म्हणाली, "म्हणजे जिता आहे. मेलेल्याला दिलेला शब्द कोण इतका जपतो?"
माझ्या न बोलण्याने सगळे सांगितले.
नाव राखले, बंदर राखले. पण कान लिहिला.

८ डिसेंबर, देवगड
तीच पुन्हा, सोबत तिची काकी. तांडेलच्या बुडालेल्या धाकट्या भावाची बायको. पांढरे लुगडे, हातात काठी. मी उठून उभा राहिलो. ही शिव्या देईल अशी तयारी ठेवली होती.
म्हणाली, "तेका सांगा. चौघांचो म्हाळ आम्ही दर वर्साक घालतो. पाचव्याचो कधी घालूक नाय."
मला नीट उमगायला क्षण लागला. चौघांचे श्राद्ध केले, याचे कोणी कधी केलेच नाही. अठरा-वीस वर्षे.
मुलगी म्हणाली, "त्याने केलं ते केलं. चार घरं वाढली, पोरं मोठी झाली, त्यातली दोघं आज गलबतावर आहेत. कुणी त्याचं नाव तोडलेलं नाही. एवढंच सांगा, 'या' म्हणू नका. यायचं तर आपल्या पायानं येऊ दे."
सांगेन म्हटले.

१६ जानेवारी १९१०, नेमावर
नाताळाच्या सुट्टीतच यायचे होते. वाटेतल्या थंडीतापाने धारेस पडून होतो. आता आलो. तांडेल घाटावर, नावेच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठोकीत. सगळे सांगितले, कान धरून. अक्षरशः कान धरून.
हातोडी खाली ठेवली. "पुस्तकात सगळ्यांनी बोटान वारो बघितलो असतो तर काय बिघडला असता?"
म्हणालो, खोटे झाले असते.
मग काकीचा निरोप, तिच्याच शब्दांत. म्हाळाचे आले तसे त्याने तोंड नदीकडे केले. बराच वेळ पाठच दिसत होती. एकदा मुलीचे विचारले, "ती अजून मोठ्यान बोलता?" हो म्हटले. "तिची आवस तशीच." म्हणजे तिची आई.
माझ्यावर रागावला का, कळेना. विचारायचे धाडस झाले नाही.

१८ जानेवारी, नेमावर
दोन दिवस त्याचे नुसते काम. कापूस, हातोडी. निघताना पाया पडलो. डोक्यावर हात ठेवला, पण लगेच काढला.

९ मार्च, धार
पुण्याहून मोठे बोलावणे. सबंध मराठ्यांचा इतिहास, जमिनीवरचा आणि पाण्यावरचा, एका सलग कथेसारखा, चार खंडांत, मी एकट्याने लिहायचा. धार दरबारने दोन वर्षांची रजा मंजूर केली, दफ्तर उघडे केले. हेडमास्तरांनी वर्गासमोर मला हार घातला आणि म्हणाले, यांची 'प्रकृती' आता उत्तम आहे. सगळे जाणून होते तर.
नानांना तार केली. उत्तर: 'या नावाला मिशा असू द्या.'
सौ.ने खोलीतली धान्याची पोती हलवून माझे मेज खिडकीशी लावले.

६ एप्रिल, धार
नेमावरहून पत्र. रामा नाववाल्याने पुजाऱ्याकडून लिहवलेले, हिंदीत. दरियाबाबा नेमावर सोडून गेला. परिक्रमेतला माणूस नर्मदामैया ओलांडीत नाही, ओलांडली की परिक्रमा मोडली. इतकी वर्षे नाव दुरुस्त करी पण पाय ठेवीत नसे. परवा सकाळी आला, काही न बोलता नावेत बसला. रामाने दोनदा विचारले, "बाबा, सोच ली?" मान हलवली. हंडियाला उतरला. तिथून एक वाट हरद्याच्या रेल्वेला जाते, एक दक्षिण तीराने पुढे. कोणती धरली ते रामाने पाहिले नाही. पलीकडे उतारू वाट पाहत होते, तो नाव घेऊन परतला.
वाचून शाळेच्या पोरांसारखा अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग सौ. म्हणाली, दक्षिण तीरानेही गेला असेल. ते खरे आहे.

१७ मे, धार
पहिल्या खंडाची पाच प्रकरणे झाली. हात कसा चालतो आहे. काल दफ्तरात एका मोहिमेची अशी पत्रे मिळाली की कुणाच्या स्वप्नात नसतील. आणखी दहा वर्षे डोळे टिकले तर हे सगळे पुरे करीन, आता शंका नाही.
आज देवगडहून पत्र. तांडेलच्या मुलीने तिथल्या मास्तरांकडून लिहवले आहे. तो आलेला नाही. मी एप्रिलात फक्त एवढेच कळवले होते की निरोप पोचला. तिने त्यातून काय ताडले कोण जाणे. लिहिते: 'पावसाळ्याने आगबोटी बंद होण्यास थोडे दिवस आहेत. प्रत्येक आगबोटीला काकी व मी बंदरावर जातो. मी दहा वर्षांची असता पाहिले होते. आता ओळखावे कसे, एवढे कळवावे.'
मेजावरचे कागद बाजूला केले. लिहिले: दाढी पांढरी, छातीपर्यंत. उजवा खांदा डाव्याहून खाली. जमिनीवर चालतानाही पाय रुंद टाकतो, खालचे हलते आहे असा.
सौ.ने वाचले. म्हणाली, "शब्द दिला होतात ना?"
पाकिटात घातले आहे. पत्ता अजून घातलेला नाही. टपाल साडेचारला निघते.